वामनरावांचं बोट आणि माझं कपाळ

मनीषनगर, नागपूर
१२ जानेवारी २०२५, रविवार

जयवंता,

आज संध्याकाळी साडेपाच वाजता मला हार घातला. झेंडूचा, जाडजूड. उदबत्ती ओवाळली, कपाळाला कुंकू लावलं आणि शंभरएक माणसं माना खाली घालून उभी राहिली. मी तिसऱ्या रांगेत बसून हे सगळं पाहत होते.

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. खोटं लिहायची मला सवय नाही, आणि खरं असेल तर तुला ते आवडणार नाही. घरी आल्या आल्या आधी फोनच केला होता. मी ‘कामिनी बोलतेय’ एवढंच म्हटलं आणि तू फोन ठेवून दिलास. ठीक आहे. फोन ठेवून देता येतो. पत्र फार तर फाडता येतं, आणि फाडायच्या आधी माणूस पहिल्या चार ओळी वाचतोच. म्हणून महत्त्वाचं सगळं वर घातलंय.

आता रीतसर सांगते. तू काढलेलं माझं चित्र, मी खिडकीपाशी ड्रॉइंग बोर्ड घेऊन बसलेली, ते मधुकररावांनी घेतलं आणि सदतीस वर्षं आपल्या बैठकीत टांगून ठेवलं. मधुकरराव आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत, चाकाच्या खुर्चीत असतात. त्यांच्या मुलानं, धर्मेंद्रनं, रामदासपेठेतल्या बंगल्याचा तळमजला रिकामा करून वडिलांनी जमवलेली चित्रं तिथे मांडली आहेत. आज त्याचं उद्घाटन होतं. मला आमंत्रण नव्हतं. पेपरात वाचून गेले.

अनावरणाचा पडदा सरकला तर समोरच्या भिंतीवर मी. तेहेतीस वर्षांची, पाठ ताठ, खांद्यावरून वळून बघणारी. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पाठीत पट्टी खुपसून आम्हाला ताठ बसवायच्या, त्याचा उपयोग आयुष्यात एकदाच झाला, तू मला रंगवत होतीस तेव्हा.

प्रमुख पाहुणे वामनराव. कुठल्या तरी समितीचे सभापती होते. या माणसानं उभ्या जन्मात जी तसबीर समोर दिसली तिला हार घातला असणार. सूत्रसंचालिका म्हणाली, “आता मान्यवरांनी चित्राचं अनावरण करावं.” वामनरावांनी पडदा ओढला, आत बाई दिसली, आणि त्यांनी सवयीनं उजवा हात मागे केला. त्या हातात कोणी तरी सवयीनंच हार दिला. मग तबक आलं. ओल्या कुंकवात बोट बुडवून त्यांनी माझ्या कपाळावर, तुझ्या तैलरंगावर, चांगलं रुपयाएवढं बोट टेकवलं. टेकवलं आणि फिरवलं.

मी उभी राहिले. “थांबा! ती बाई जिवंत आहे!”

मागची म्हणाली, “काकू, बसून घ्या ना, दिसून नाही राहिलं.”

वामनरावांनी वळून विचारलं, “काय म्हणून राहिल्या बाई?”

“मी म्हणतेय, ती मी आहे.”

त्यांनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “कायले मजाक करता बाई,” ते म्हणाले, “थे किती सुंदर हाय.”

लोक हसले. मीही हसले असते, पण मला कपाळावरचा तो लाल गोळा दिसत होता.

त्यानंतर श्वेता नावाच्या एका तरुण प्राध्यापिकेनं चित्राचा अर्थ सांगितला. मोकळं कपाळ म्हणजे वैधव्य. बोटावरचा लाल ठिपका म्हणजे स्त्रीच्या श्रमाचं रक्त. रिकामी खुर्ची म्हणजे गेलेला पती. मी दुसऱ्यांदा उभी राहिले. म्हटलं, “ती शाई आहे. पाटबंधारे विभागाची. मी तिथे चौतीस वर्षं नकाशे गिरवले, दुरुस्तीची रेघ लाल शाईनं मारतात. आणि पती आलाच नव्हता, तर जाईल कुठून?”

पोरगी चिडेल असं वाटलं होतं. तिनं वही काढून लिहून घेतलं. मला ती आवडली.

हार मी स्वतः उतरवला. कुंकू मात्र पुसवलं नाही. मी रुमाल पुढे केला आणि हात थांबला. खाली काय आहे, किती थर आहेत, ते फक्त तुला माहीत. चुकीच्या हातानं पुसलं तर कपाळच निघून येईल.

तेव्हा कशानं पुसायचं ते कळव. फक्त तेवढंच. बाकी एक शब्द लिहिला नाहीस तरी चालेल.

कामिनी


मनीषनगर
१७ जानेवारी, शुक्रवार

जयवंता,

तुझं उत्तर नाही. पण इकडे प्रकरण थांबायला तयार नाही, म्हणून लिहिणं भाग आहे.

काल धर्मेंद्रच्या बायकोनं, शोभाताईनं, संक्रांतीचं हळदीकुंकू घातलं. वर घरात पाहुणे मावेनात म्हणून खाली, चित्रांच्या दालनात. पन्नास सवाष्णी. पहिली आत आली, समोर कुंकू लावलेली बाई दिसली. तिला वाटलं, देवीच्या जागी मांडलेली आहे. तिनं हळद लावली, कुंकू लावलं, नमस्कार केला. पहिलीनं केलं म्हणून दुसरीनं केलं. श्वेतानं मला फोटो पाठवला. कपाळावर आता भाकरीच्या तुकड्याएवढा लगदा आहे आणि नाकावर हळद सांडली आहे. पायाशी तिळाचे लाडू आणि वाणाचा प्लास्टिकचा डबा.

मला त्या हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. लग्न न झालेल्या सत्तरीच्या बाईला कोण बोलावतं? माझ्या चित्राला बोलावलं, मला नाही. मी आज सकाळी शोभाताईला हेच विचारलं.

ती बिचारी घाबरली. “काकू, तसं नव्हतं हो. तुमच्या फोटोले आम्ही किती मानानं लावलं!”

“फोटो नाही, चित्र आहे.”

“तेच ते. डबा आहे ना तुमचा. ठेवून राहिली ना मी.” आणि खरंच तिनं तो डबा आणून माझ्या हातात दिला. माझ्या चित्राचं वाण. आता त्यात मी डाळ भरली आहे.

खरी गोष्ट पुढे आहे. धर्मेंद्र खूश आहे. त्याच्या मते लोकांना इतर चित्रांपुढे काय करावं हे कळत नाही, या एकापुढे कळतं. त्यानं ठरवलंय की येत्या सव्वीस तारखेला बोर्ड रंगवणारा एक माणूस बोलवायचा, त्याच्याकडून हा लगदा साफ करून त्या जागी ऑइलपेंटनं नीट गोल कुंकू काढून घ्यायचं आणि वर वार्निश मारून टाकायचं. “कायमचं काम होऊन जाईल काकू. दिसायलाही भरल्यासारखं दिसते.”

मी म्हटलं, “उद्या मिशीही काढ.”

“काकू, तुम्ही रागावता. पण चित्र तर आमचं आहे ना? तुम्ही फक्त बसल्या होत्या.”

जयवंता, हे मला लागलं. मी फक्त बसले होते. चार महिन्यांचे रविवार, डिस्पेन्सरीच्या वरच्या तुझ्या त्या खोलीत, मान वळवून वळवून मणक्यात कळ येईपर्यंत. पण त्याचं म्हणणं चूक आहे असंही म्हणता येईना. शेवटी तो म्हणाला, “ज्यांनी काढलं त्यांचं पत्र आणा. त्या म्हणत असतील पुसा, तर पुसून टाकू. नाही तर सव्वीसला काम करून घेतो.”

म्हणजे आता सगळं तुझ्या एका ओळीवर आहे. माझ्यावर राग आहे ना? असू दे. तुझा राग माझ्यावर आहे, चित्रावर का काढतेस? सदतीस वर्षांपूर्वी काय झालं ते दोघींना माहीत आहे. मी उगाळत नाही, तूही उगाळू नकोस.

एक ओळ. ‘कुंकू पुसा.’ खाली सही.

कामिनी


मनीषनगर
२० जानेवारी, सोमवार

जयवंता,

हे पत्र मी पुन्हा वाचणार नाही. वाचलं तर टाकणार नाही.

आज पुन्हा रामदासपेठेत गेले होते. धर्मेंद्रशी माझं जोरात चाललं होतं. कलाकृतीचं पावित्र्य, कलाकाराचा हक्क, कॉन्व्हेंटची सगळी इंग्रजी बाहेर काढली. मधुकरराव चाकाच्या खुर्चीत डोळे मिटून होते. मला वाटलं झोपलेत. ते डोळे न उघडताच बोलले.

“ह्या बाईनंच तं म्हणलं होतं तवा, कपाळावर टिकली काढ म्हणून. आता लागली तं बोंबलून राहिली.”

धर्मेंद्र हसत सुटला. “म्हणजे काकू, तुमचीच इच्छा पुरी झाली!”

 

तर उगाळते. मीच उगाळते.

मी रोज टिकली लावायचे. तू मला बसवताना ती काढायला लावायचीस. “काढ वं ते, मले नडते.” मी काढून खिडकीच्या चौकटीवर चिकटवायचे आणि परत लावायला विसरायचे. चौकटीवर सोळा टिकल्यांची रांग झाली होती. मला वाटायचं, रंगवून झालं की शेवटी चित्रात टिकली काढशील. मग प्रदर्शन भरलं. मी आईला घेऊन आले. चित्रात मी आहे हे तिला तू कळवलं नव्हतंस, मीही सांगितलं नव्हतं. बाबा जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. आईनं चित्र पाहिलं, जवळ गेली, आणि स्वतःच्या कपाळावरून हात फिरवला. एवढंच. त्या महिन्यात मला पाहून गेलेल्या तिसऱ्या स्थळाचा नकार आला होता.

चॅपलमधल्या चित्रांखाली सिस्टर आम्हाला उभं करायच्या आणि विचारायच्या: निळं वस्त्र म्हणजे काय? हातातलं फूल म्हणजे काय? पायाखालचा साप म्हणजे काय? दर गोष्टीला अर्थ, आणि अर्थ चुकला की छडी. मी तुझ्या चित्राकडे तसं पाहिलं. मोकळं कपाळ म्हणजे काय? मी चारचौघांत तुझ्यावर ओरडले. टिकली रंगव, नाही तर हे चित्र माझं नाही. तू शांतपणे म्हणालीस, “अर्थ काहून शोधून राहिली वं? रस्ता पाह्य ना.”

कसला रस्ता? मला वाटलं तू मला बाहेरचा रस्ता दाखवतेस. मग मी आणखी एक वाक्य बोलले. ते मी इथे लिहिणार नाही. तू काटोलला निघून गेलीस. ती दीड तासाची बस मी सदतीस वर्षांत एकदाही पकडली नाही.

आता ऐक, काय झालं ते. 

धर्मेंद्र चहा सांगायला वर गेला. मी चित्रासमोर एकटी, म्हणजे मी आणि मधुकरराव. रागानं मी एक डोळा मिटला, हात लांब केला आणि अंगठ्यानं ते कुंकू झाकलं. नकाशावर चुकीची खूण आली की मी असंच करायचे, नसती तर काय दिसलं असतं ते बघायला.

कुंकू गेलं. आणि माझी नजर चालायला लागली!

केसांच्या काळ्या रंगातून कपाळावर आली. तिथे थांबायला काहीच नाही, म्हणून मानेवर उतरली. मानेवरून खांदा, खांद्यावरून पदराची निरी, दंड, कोपर, मनगट. मनगटाशी बाहीचं पांढरं संपतं आणि बोटावर तो लाल ठिपका. अख्ख्या चित्रात तेवढाच लाल. ठिपक्यापाशी क्षणभर थांबते, आणि बोर्डाची तिरकी कड तिला उचलून उजव्या कोपऱ्यात नेते. खुर्चीवर. ती खुर्ची तू चौकटीनं अर्धी कापली आहेस. ती माझ्याकडे तोंड करून आहे. तिच्या पाठीवर हिरव्या काठाचा ओला पंचा टाकला आहे.

मी अंगठा काढला. नजर फाडकन कपाळावर, आणि तिथेच खिळली. पुढे जाईना. खुर्ची नुसतं सामान झाली. पुन्हा झाकलं, पुन्हा रस्ता सुरू. काढलं, बंद. मी दहा-बारा वेळा केलं असेल. मधुकरराव म्हणाले, “नमस्कार करून राहिल्या का स्वतःले?”

मी म्हटलं, “गप बसा हो!” अठ्ठ्याऐंशीच्या माणसाला. मग माफी मागितली.

तो पंचा तुझा आहे, जयवंता. ब्रश पुसायचा. ती खुर्ची तुझी आहे. मी चार महिने ज्या बाजूला बघत बसले होते तिथे तू होतीस, आणि तू चित्रात स्वतःला सोडून बाकी सगळं काढलंस. मी माझ्या कपाळापुढे गेलेच नाही. सदतीस वर्षं मी हे चित्र एका बाईचं समजत होते.

तू काढली असतीस टिकली, माझ्या हट्टानं, तर हे कधीच दिसलं नसतं. मी मागितलं ते मला आता मिळालंय, आणि मला ते पुसायचंय.

सव्वीस तारखेला सहा दिवस आहेत.

कामिनी


मनीषनगर
२५ जानेवारी, शनिवार

जयवंता,

पुसलं!

तुझं पत्र परवा दुपारी आलं. मी पाकीट उघडलं आणि आधी चारही बाजूंनी नुसतं पाहत राहिले. संत्र्याच्या पेटीवरचं जुनं लेबल. तुझ्या वडिलांच्या बागेचं, तू शाळेत असताना रंगवलेलं, दोन पानं आणि मधे सूर्यासारखं संत्रं. आणि मागच्या कोऱ्या बाजूला ही अशी मोठी मोठी अक्षरं, एक ओळ दुसरीवर चढलेली, जणू माझ्यासाठी सरळ रेघेत लिहिण्याचीही तुझी तयारी नाही. अपमान पोचला. तो मी ठेवून घेतला. मग वाचलं.

“कामिनी, पाणी लावू नोको. टर्पेंटाइन तं बिलकुलच नाही. काडीले कापूस गुंडाळ अन् थुकी लाव. स्वतःची. हळूहळू पूस, घासू नोको. एक काडी एकडाव, मंग फेकून दे. म्या वार्निश दोनदा मारलं होतं, रंगाले काही होत नाही. तूच पूस. दुसऱ्याले हात लावू देऊ नोको. धर्मेंद्रले सांग, हेच माहं पत्र हाय. जयवंता.”

मी लगेच रिक्षा केली. धर्मेंद्रनं लेबल उलटंसुलटं करून पाहिलं. त्याला लेटरहेड हवं होतं. मधुकररावांनी ते त्याच्या हातातून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, “जयवंताचंच हाय. पुसू दे बाईले.”

आज सकाळी गेले. श्वेता पण आली, कापूस आणि काड्या घेऊन. चित्र उतरवून टेबलावर टेकवलं. मी पहिली काडी तोंडात घातली.

शोभाताई ओरडली, “अव्वा! काकू, काय करून राहिल्या? कुंकवाले थुकी?”

“माझं कपाळ, माझी थुंकी,” मी म्हटलं. “लहानपणी आईनं तोंड पुसलं नाही का तुझं अशीच पदर ओला करून?”

 जरा वेळानं तिनं पाण्याचा पेला आणून ठेवला. “तोंड कोरडं पडन तुमचं.”

तीन तास लागले. एकशे अठरा काड्या. आधी लगदा सुटला, मग हळद, मग सर्वांत खाली वामनरावांचं मूळ बोट. ते हट्टी होतं. नकाशावरची चुकलेली रेघ आम्ही ब्लेडनं खरवडायचो, कागदाचा पापुद्राही उठू न देता. वरिष्ठ म्हणायचे, कामिनीबाईंची चूक सापडत नाही. चुका मी करतच होते, फक्त मागे काही ठेवत नव्हते. आज तसाच हात चालला. शेवटच्या काडीवर नुसता गुलाबी ओलावा आला, त्यानंतरची पांढरीच निघाली.

आणि कपाळ होतं. जसंच्या तसं. त्यात तू निळसर रंगाचं एक पुसट बोट फिरवलं आहेस, भुवईच्या वर, हे मला आज सहा इंचांवरून कळलं. खिडकीचा उजेड आहे तो.

सगळे मागे सरकून उभे राहिले. मी कोणाला काही सांगितलं नाही. शोभाताई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “तिच्यासमोर कोणी तरी बसलेलं आहे वाट्टे. त्या खुर्चीत. आत्ता उठून गेलं कोणी तरी.”

श्वेतानं माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीबाहेर.

धर्मेंद्रनं बोर्डवाल्याला नको म्हणून सांगितलं आहे. चित्रासमोर दोरी बांधणार आहे. कोणी हार घेऊन आलंच तर तो वामनरावांना घालावा, असं मी सुचवलं.

आता ते वाक्य. तू लेबल पाठवलंस, म्हणजे तू विसरली नाहीस, आणि न लिहिणं हा माझा भित्रेपणा आहे. मी म्हटलं होतं, ‘तू संत्र्याच्या पेट्या रंगव, माणसं रंगवणं तुझ्या घराण्याचं काम नाही.’ आईसमोर, तुझ्या भावासमोर, मधुकररावांसमोर. त्यानंतर तू एकही माणूस रंगवला नाहीस असं आज मधुकरराव म्हणाले. मला हे माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचा प्रयत्नही मी केला नव्हता.

मी चूक होते. हे वाक्य इतकं लहान आहे हे लिहिताना कळलं.

ये. एकदा येऊन बघ. मी स्टँडवर घ्यायला येईन.

कामिनी


काटोल
२ फेब्रुवारी, रविवार

जयवंता,

हे पत्र मी तुझ्या ओसरीवर बसून लिहिते आहे. पर्समध्ये विजेच्या बिलाची पाठकोरी पावती आहे, तीवर.

काल धर्मेंद्रचा फोन आला. तुला आणायला त्यानं गाडी पाठवतो म्हटलं होतं. तुझ्या भाचसुनेनं, वंदनानं, त्याला सांगितलं, “आत्याबाईले घेऊन जाऊन काय फायदा? त्यायले सहा वर्षांपासून दिसतच नाही. थोडासा उजेड कळते फक्त.”

मी फोन ठेवला आणि ते लेबल काढून पुन्हा पाहिलं. एकीवर एक चढलेल्या त्या ओळी. मी त्यांचा अर्थ लावला होता. अपमान म्हणे! सत्तर वर्षांची झाले आणि अजून चॅपलमध्येच उभी आहे, छडीच्या भीतीनं अर्थ सांगत.

मग दुसरं लक्षात आलं आणि कान तापले. माझी चारही पत्रं तुला वंदनानं वाचून दाखवली असणार. मोठ्यानं! टिकल्या, स्थळ, आई, सगळं. वंदना, हे वाचत असशील तर इथून पुढे मनात वाच.

सकाळच्या बसनं निघाले. तुला चित्र सांगायला आले आहे. तू बघू शकत नाहीस तर मी तुला ते बोलून दाखवीन, केसांपासून खुर्चीपर्यंत, जितक्या वेळा म्हणशील तितक्या वेळा. कपाळावर मी अडणार नाही. वाटेत सगळं पाठ केलं होतं. काय म्हणायचं, कुठे थांबायचं, तू रागावलीस तर काय उत्तर द्यायचं. शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, “तब्येत बरी हाय ना बाई?”

वंदना बाजारात गेली आहे असं शेजारणीनं सांगितलं, तू घरात एकटी आहेस. मी कडी वाजवली. आतून तू विचारलंस, “कोण हाय वं?”

आवाज तोच. आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या! वामनरावांना भर सभेत थांबवणाऱ्या बाईच्या. तू दोनदा विचारलंस. मी दोनदा तोंड उघडलं. मग खाली बसले आणि हे लिहायला घेतलं, कारण लिहिताना मला बोलता येतं.

तुझी पावलं दारापर्यंत येऊन थांबली आहेत. दाराखालच्या फटीतून मला तुझ्या चपलांची सावली दिसते आहे.

हा कागद मी त्या फटीतून आत सरकवते. तुला वाचता येणार नाही, ठाऊक आहे. आवाज येईल, वाकून चाचपून बघ. एक टोक तुझ्या हाताला लागेल. दुसरं मी बाहेरून धरून ठेवलंय.

ओढून बघ. मी सोडणार नाही, मग तुला कळेल बाहेर कोण आहे ते.